आधी क्लॅम्प बघ

टेनिसच्या रॅकेटला गट, म्हणजे तार, घालायचं गटिंगचं मशीन घरी घ्यायचं म्हणतेस, तर दुकानात फोन करण्याआधी वही घेऊन बस. आठवड्यात जितके दिवस खेळ, वर्षात तितक्या वेळा गटिंग, हा जुना ठोकताळा हौशी खेळाडूंचा. तुझी लेक रोज कोर्टवर जाते, महिन्यातून एखादी स्पर्धा खेळते, पिशवीत दोन रॅकेट बाळगते. तिच्यासाठी मात्र महिन्याला दोन गटिंग धर. समजा मशीन, वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि बारीकसारीक हत्यारं मिळून ३०,००० रुपये झाले आणि तुमच्याकडे एका रॅकेटची मजुरी ३०० रुपये आहे, तर १०० रॅकेट झाल्यावर पैसे वसूल. महिन्याला दोन या चालीने त्याला चार वर्षांहून थोडा जास्त वेळ लागेल. खरे आकडे तू घाल, भागाकार हाच. गटावरही थोडं वाचतं. सुटं पाकीट १२ मीटरचं येतं, तर २०० मीटरच्या रिळातून सोळा-सतरा रॅकेट निघतात आणि रिळातला गट दर रॅकेटमागे स्वस्त पडतो.

तरीही निव्वळ पैशांसाठी मशीन घेऊ नये, असं माझं मत आहे. घ्यायचं ते दोन कारणांसाठी. शनिवारी रात्री गट तुटला आणि रविवारी सकाळी सामना असला तर बंद शटरसमोर उभं राहावं लागत नाही. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. एकाच हाताने, एकाच मशीनवर, एकाच रीतीने घातलेला गट दर वेळी सारखा लागतो. चेंडू लांब का गेला याचं उत्तर शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या फटक्यात शोधता आलं पाहिजे. दर पंधरवड्याला रॅकेटच वेगळी लागत असेल तर ती कुठे शोधणार?

आता निवडीचं. विकणारा तुला मशीन ताण कसं ओढतं ते दाखवेल, कारण दाखवायला तेच छान दिसतं. तू मात्र ओढलेला ताण धरून कोण ठेवतं ते बघ. बाज विणताना सुंभ कोणीही ओढतो. पुढचा फेरा येईपर्यंत तो दाबून धरणारा पक्का असला तरच बाज ताठ राहते. गटिंगमध्ये हे काम क्लॅम्पचं. मशीनने बरोबर ५५ पौंड ओढले आणि ओढणी, म्हणजे ताण देणारा भाग, सोडताक्षणी क्लॅम्प दोन मिलीमीटर मागे झुकला, तर रॅकेटमध्ये ५५ राहिलेच नाहीत. शिवाय प्रत्येक गटाला तो सारखाच झुकेल याचीही खात्री नसते.

मी हे ज्यांच्याकडून शिकलो ते कारागीर मशीन येण्याआधीच्या काळातले. लाकडी दांड्याला गट गुंडाळून अंगाच्या जोरावर ओढायचे आणि भोकात आरी ठोकून तो जागेवर अडकवायचे. मग दुसरी आरी, मग पहिली काढायची. त्यांचं सगळं लक्ष आरीवर असे. किती ओढलं हे हाताला कळतंच, पण किती सुटलं ते हाताला कळत नाही, म्हणून नजर तिथे ठेवायची, असं ते शिकवायचे. मशीन घेतानाही मी तीच नजर ठेवतो.

क्लॅम्प दोन जातींचे. तरंगते क्लॅम्प कशालाही जोडलेले नसतात; दोन शेजारच्या गटांना एकदम चिमटीत धरतात आणि शेजाऱ्याच्या आधारावर उभे राहतात. स्वस्त मशीनबरोबर हेच येतात. त्यांची अडचण अशी, की ताण सुटला की ते तिरके होतात आणि थोडा ताण खाऊन टाकतात. पहिल्या दोन-तीन उभ्या गटांना तर धरायला शेजारीच नसतो, तिथे युक्त्या कराव्या लागतात. गट कडक पॉलिएस्टरचा असेल तर त्रास आणखी वाढतो. स्थिर क्लॅम्पचा पाय मशीनच्या फिरत्या पाटावरच्या पट्टीत किंवा खाचेत पक्का बसतो आणि वरचा जबडा एकाच गटाला धरतो. पैसे कमी पडत असतील तर वीज सोड, दिखाऊ पेटी सोड, पाय असलेला स्टँड सोड, पण स्थिर क्लॅम्प सोडू नकोस. गॅमा कंपनीचं एक्स-२ हे सरकत्या वजनाने ओढणारं छोटं मशीन तरंगत्या क्लॅम्पवर चालतं आणि असंख्य लोक त्यावरच शिकले, हे मला माहीत आहे. वर्षाला चार-पाच रॅकेट करणाऱ्याला ते पुरेसं आहे. तुझं काम त्याहून मोठं आहे.

जुनं मशीन मिळत असेल तर माझी एक परीक्षा लक्षात ठेव. फ्रेममध्ये एक गट ओढ, क्लॅम्प लाव, आणि जबड्याला अगदी चिकटून गटावर स्केचपेनने रेघ मार. मग ओढणी सोड. रेघ जबड्यापासून सरकली तर गट घसरतोय. रेघ तिथेच राहिली पण सगळा क्लॅम्पच मागे झुकला तर पाय ढिला आहे. घसरण बहुतेक वेळा जबड्यातल्या मेणचट मळामुळे असते. जुना टूथब्रश आणि सर्जिकल स्पिरिटने जबडे घासले की जाते, तेव्हा तेवढ्यावरून मशीन नाकारू नकोस. पायाचा झोल मात्र पट्टी किंवा खाच झिजल्याचं लक्षण, आणि त्याचा सुटा भाग मिळत नसेल तर घासाघीस न करता निघून ये. तिथेच असताना फिरता पाट हाताने हलवून बघ. वर-खाली डुगडुगता कामा नये.

घरी आल्यावर क्लॅम्पची पकड बसवताना ढिल्यापासून सुरुवात कर आणि गट घसरायचा थांबेल तेवढंच आवळ. नवशिके भीतीपोटी करकचून आवळतात. मग गटावर पांढुरके चपटे डाग पडतात आणि तो तिथेच तुटतो. मल्टिफिलामेंट आणि नैसर्गिक गट या बाबतीत फार नाजूक.

फ्रेम बसवण्याच्या जागेबद्दल लोक विनाकारण भांडतात. दोन टोकांचा आधार, चार, सहा. आधी जोर कुठे पडतो ते समजून घे. १६ उभे गट प्रत्येकी ५५ पौंडांनी ओढले की फ्रेमचं डोकं आणि गळा यांना जवळ आणणारा जोर ८८० पौंडांवर जातो, म्हणजे सुमारे ४०० किलो. आडवे गट पडेपर्यंत फ्रेम आखूड आणि रुंद व्हायला बघते. म्हणून डोक्याला आणि गळ्याला आतून मिळणारा आधार सगळ्यात महत्त्वाचा. बाजूचे हात रुंदी आवरायला मदत करतात. प्रिन्सचं निओस १००० दोनच टोकांच्या आधारावर फ्रेम धरायचं आणि जगभरच्या दुकानांत वर्षानुवर्षं चाललं, कारण आधार भक्कम होता आणि क्लॅम्प चांगले होते. पातळ पत्र्याच्या सहा हातांपेक्षा मी दोन भक्कम टोकं घेईन. सहाचं घेतलंस तर बाजूचे हात फ्रेमला नुसते टेकव, दाबू नकोस. आणि गटिंगच्या आधी आणि नंतर फ्रेमची लांबी टेपने मोज. जुना गट काढण्यापूर्वीची आणि नवा घातल्यानंतरची लांबी जुळली पाहिजे.

आता ओढणी. तिच्या तीन तऱ्हा.

तुझ्यासाठी मी वजनवालं मशीन निवडेन. एका दांड्यावर सरकतं वजन आणि पौंडाच्या, किलोच्या खुणा. वजन हव्या त्या खुणेवर आवळायचं, गट दांड्याच्या पकडीत घालायचा, दांडा हळू खाली सोडायचा. दांडा जमिनीला समांतर थांबला की ताण बरोबर. गट लांबत जातो तसं वजनही त्याच्यामागे खाली येत राहतं, म्हणून ओढ सतत चालू राहते. स्प्रिंग नाही, वीज नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. वेळ थोडा जास्त लागतो, पण तुला दुकान चालवायचं नाही.

दांडा काटेकोर समांतर यायलाच हवा, या भीतीने लोक एकेका गटासाठी पाच-सहा वेळा उचलून सोडतात. त्याची गरज नाही. दांडा समांतरपासून १० अंश वर किंवा खाली राहिला तर ताण दीड टक्क्याने कमी पडतो, म्हणजे ५५ ला पाऊण पौंडाच्या आसपास. २० अंशांवर मात्र तोच फरक ६ टक्के, तीन पौंडांहून जास्त. तेव्हा दहाच्या आत आलं की पुढे जा. पकडीला रॅचेट असलेलं मशीन बघ, म्हणजे दांडा खाली गेला तर गट न सोडता दांडाच वर घेऊन पुन्हा सोडता येतो. नेदरलँड्सच्या स्ट्रिंगवे कंपनीची मशीनं दांड्याचा कोन कसाही असला तरी ताण तोच देतात. ती महाग आहेत, पण कुठे जुनी मिळाली तर दुसरा विचार करू नकोस.

दोन गोष्टी हातात बसवून घे. दांडा धाडकन सोडायचा नाही. त्याच्या झटक्याने गटाला ठरल्यापेक्षा जास्त ओढ बसते. आणि दांडा थांबल्यावर क्लॅम्प लावण्याआधी मनात तीन मोज. दर गटाला तीनच. गट ओढीखाली हळूहळू लांबत राहतो, त्यामुळे एकाला दोन सेकंद आणि दुसऱ्याला दहा दिली तर दोघांचा ताण वेगळा. हे फुकटचं आहे, आणि महागड्या मशीनवर काम करणारी बरीच माणसंसुद्धा ते करत नाहीत.

हँडलवालं, ज्याला लॉकआउट म्हणतात, ते हँडल फिरवत ओढतं आणि ठरलेला ताण आला की खट्टकन अडकतं. झटपट काम होतं, म्हणून दुकानांत हेच दिसतं. अडकल्यावर ओढ थांबते आणि गट लगेच थोडा सैल होतो, त्यामुळे त्याच आकड्यावर वजनवाल्यापेक्षा रॅकेट मऊ लागते. लेक आत्ता दुकानातल्या अशा मशीनवर ५५ घालत असेल तर घरच्या वजनवाल्यावर ५२ पासून सुरुवात कर आणि तिच्या हाताला विचारून वर-खाली जा. या मशीनची स्प्रिंग काळाबरोबर बदलते, म्हणून मधून मधून तपासावी लागते. बॅगा मोजायचा डिजिटल काटा चालतो. गटाच्या एका तुकड्याने काटा फ्रेमच्या खुंटीला बांधायचा, दुसऱ्या तुकड्याने पकडीला, आणि २५ किलोवर ओढून काट्यावर काय दिसतं ते बघायचं. २५ किलो म्हणजे ५५ पौंड. चांगल्या क्लॅम्पचं जुनं हँडलवालं मशीन स्वस्तात मिळालं तर घेण्यासारखं असतं, कारण पुढे मागे हँडलचं डोकं काढून तिथे वाइजसारखं विजेचं डोकं बसवता येतं.

विजेचं मशीन छान असतं, घरच्याला लागत नाही. एवढं विचार, की ते २३० व्होल्टवर चालतं का. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेलं ११० चं असू शकतं. आणि वीज जाणाऱ्या गावात राहणाऱ्याने अर्ध्यात थांबलेल्या रॅकेटचा विचार आधीच करावा.

परदेशातून मागवणार असशील तर वजनवाल्या मशीनचं पार्सल खरोखर जड असतं. भाडं आणि ड्यूटी धरून घरपोच किंमत किती, हे पैसे भरण्याआधी लेखी घे. क्लॅम्पचे जबडे, पकड आणि आधाराच्या रबरी गाद्या सुट्या मिळतात का, हेही त्याच वेळी विचार. बाकीचं गल्लीतला लेथवाला करून देतो. हे तीन तो देऊ शकत नाही.

मशीन कुठे ठेवणार ते घ्यायच्या आधी ठरव. टेबल डुगडुगणारं नको आणि उंची तुझ्या कोपराइतकी हवी, कारण दोन तास वाकून आडवे गट विणले तर दुसऱ्या दिवशी कंबर धरते. वजनाचा दांडा भिंतीला किंवा धाकट्याच्या डोक्याला लागणार नाही एवढी जागा सोड. खिडकीचा उजेड डावीकडून आला तर बरं. बाल्कनी नको. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात पट्ट्यांवर गंज चढतो; तेलाचा अगदी पातळ हात फिरव, पण जबड्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नकोस.

हत्यारं थोडकीच लागतात. चांगली धारदार कातर-पक्कड, लांब नाकाची पक्कड, गुळगुळीत टोकाची आरी. टोकदार आरी भोकातला आधीचा गट चिरते, ती घेऊ नकोस. आणि एक सुटा स्टार्टिंग क्लॅम्प. यादीत तो शेवटी असतो, मी पहिला घेईन. सुरुवात करताना, गाठीजवळ गट अपुरा पडला तर तो लांबवताना, क्लॅम्प घसरला तर पाठीमागून आधार द्यायला, सगळीकडे तोच धावून येतो.

पहिल्या रॅकेट जुन्या फ्रेमवर, साध्या सिंथेटिक गटाने कर. जुना गट काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढ: डोक्याला आणि गळ्याला उभे गट कोणती भोकं सोडून जातात, गाठी कुठे आहेत, कोणत्या भोकातून दोन गट गेलेत. गट मधोमधून कापायला सुरुवात कर, एक उभा, एक आडवा, असं बाहेरच्या बाजूला जा. उभे सगळे आधी कापले तर आडव्यांचा जोर एकट्याने फ्रेमवर पडतो. नवीन आडवे गट शक्यतो डोक्याकडून गळ्याकडे आण. आडवा गट विणून खेचताना तो एकाच जागी घासू देऊ नकोस, बोटाने वर-खाली हलवत खेच. पॉलिएस्टर मऊ उभ्या गटाला करवतासारखं कापतं. ओढण्याआधी प्रत्येक आडवा सरळ कर, सगळे झाल्यावर करायचं म्हटलं तर सरकत नाहीत.

आकड्याच्या मागे फार लागू नकोस. पूर्वीचा टेनिसपटू बोर्ग लाकडी रॅकेटला ८० पौंडांच्या घरात ताण घालायचा, आणि आजचा फ्रेंच खेळाडू मॅनरिनो पंचविशीच्याही खाली खेळतो. दोघेही वरच्या पातळीवरचे. आकडा ज्याच्या त्याच्या हाताचा असतो. तुझ्या मशीनवरचा ५२ म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरचा ५२ नसेलही. त्याने काही बिघडत नाही, तुझा ५२ दर वेळी तोच आला म्हणजे झालं. रॅकेटच्या गळ्याला आतून छोटी चिठ्ठी चिकटव: तारीख, गट, ताण. वहीत तेच लिही, आणि शेजारी लेकीचा शेरा. गटावर टिचकी मारून आवाजावरून ताण सांगणारी मोबाइल अॅप आहेत. त्यांच्या आकड्यापेक्षा दोन रॅकेटमधला फरक बघ. त्यासाठी ती खरंच उपयोगी पडतात.

गट कोणता, हेही मशीनइतकंच गंभीरपणे घे. १९९७ मध्ये टेनिसपटू कुर्टन बेल्जियमच्या लक्झिलॉन कंपनीचा पॉलिएस्टर गट घालून फ्रेंच ओपन जिंकला, आणि तेव्हापासून सगळ्या मुलांना तोच हवा असतो. बारा-तेरा वर्षांच्या हाताला, कोपराला तो कडक आहे. तिच्याकडून मऊ गट पटापट तुटत नसतील तोवर सिंथेटिक किंवा मल्टिफिलामेंटच घाल. पुढे पॉलिएस्टरवर गेलात तर ताण दहा टक्के खाली आण, आणि तो तुटेपर्यंत वाट बघू नका. त्यातली उसळी तुटण्याच्या कितीतरी आधी जाते, आणि मेलेल्या गटाने जोर लावून खेळताना मुलांचे हात दुखायला लागतात. घरात मशीन असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो. दुकानात जायचा कंटाळा म्हणून मुलं मेलेल्या गटाने महिनोन् महिने खेळत राहतात. तुमच्याकडे ते चालणार नाही.

मशीन आलं की सोसायटीतले लोक बॅडमिंटनच्या रॅकेट घेऊन येतील. ती फ्रेम फार हलकी, गट बारीक, ताण वीस ते तीसच्या दरम्यान. क्लॅम्पचे दात त्या बारीक विणीत मावायला हवेत आणि फ्रेमच्या खांद्यांना आधार देणारे हात हवेत. मशीन घेतानाच विचार, की क्लॅम्प आणि आधार दोन्ही खेळांना चालणारे आहेत का. नसतील तर लोकांना सुरुवातीलाच नाही म्हण. टेनिसची फ्रेम थोडी चूक सोसते, बॅडमिंटनची मशीनवरच तडकते, आणि ती कोणाच्या तरी मुलाची एकुलती एक रॅकेट असते.